कर्नलसाहेबांचं स्ट्रेचर उचलणारे चौघे

पावसाळा संपायच्या आधी माझी बदली पुण्याहून पूर्व हिमालयातल्या एका लहान फील्ड हॉस्पिटलमध्ये झाली. मी तेव्हा लष्करी नर्सिंग सेवेत कॅप्टन होते. तुमचा बाबा पहिलीत होता आणि मेघना आत्या अजून बोबडं बोलत होती. दोघांना खडकीला माझ्या आईकडे ठेवून मी निघाले. बाबा रडला नाही. त्याने फक्त विचारलं, "तिथे शत्रू आहे का?" मी म्हटलं, "नाही. तिथे फक्त डोंगर आहेत." हे उत्तर किती अपुरं होतं ते मला महिन्याभरात कळलं.

इरा, नील, हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे इराचं शाळेतलं प्रेझेंटेशन. गेल्या रविवारी तिने मला ते गोटेनबर्गहून स्क्रीनवर दाखवलं. मी इथे सिंगापुरात, सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये कुकरचा आवाज येऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून बसले होते. प्रेझेंटेशन होतं सतराव्या शतकातल्या एका स्वीडिश सेनापतीवर. त्याचं नाव मी उच्चारलं तेव्हा नील खुर्चीवरून पडेपर्यंत हसला, म्हणून मी त्याला 'इराचा सेनापती' एवढंच म्हणते. तो राजाच्या पदरी वाढला, तोफखान्यात नावारूपाला आला आणि शत्रूच्या हाती सापडून ओलसर कोठडीत राहिला. तिथून सुटला तो आजार घेऊनच. संधिवाताने त्याचे हातपाय धरले. तरी खचलेलं सैन्य त्याच्याच हवाली केलं गेलं. घोड्यावर बसता येईना, म्हणून त्याला डोलीतून नेत. त्या डोलीतून त्याने अशा चाली केल्या की तो कुठे उगवेल हे शत्रूला कळत नसे. पुढे तो प्रांतांचा गव्हर्नर झाला. शेवटच्या स्लाइडवर स्टॉकहोममधल्या चर्चमधलं त्याचं थडगं होतं.

"आजी, ही कुडन्ट इव्हन सिट ऑन अ हॉर्स!" इरा म्हणाली. "तू आर्मीत असा कोणी बघितलास?"

"एक बघितला," मी म्हटलं.

"त्याला पण डोलीतून न्यायचे?" नीलने विचारलं. "तो पडला का?"

मी म्हटलं, लिहून पाठवते. बाबा वाचून दाखवेल. जिथे तो थांबेल तिथे त्याला थोडा वेळ द्या.

आमच्या हॉस्पिटलच्या वरच्या बाजूला एक तोफखाना रेजिमेंट होती. बहुतेक जवान सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे. त्यांचे कमांडिंग ऑफिसर कर्नल चिटणीस. त्या डोंगरातली प्रत्येक वळणवाट त्यांनी पायी तुडवलेली होती, कारण तोफ कुठे बसेल आणि कुठे घसरेल हे त्यांनाच ठरवायचं असे. मी तिथे रुजू झाले तेव्हा ते आमच्याकडेच दाखल होते. कमरेतली चकती सरकली होती. पायाला वजन बांधून त्यांना पाठीवर झोपवून ठेवलं होतं. उठायचं नाही आणि कुशीवर वळायचं तेही आम्ही वळवू तेव्हाच.

माझा वॉर्ड शिस्तीत चाले. सकाळी तापमान, अंघोळी, पट्ट्या, मग सर्जन मेजरसाहेबांचा राउंड. कर्नलसाहेबांनी पलंगाशेजारी टेलिफोन मागितला. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी टेलिफोन तिथे होता.

"सिस्टर, तुमच्या वॉर्डात तुमचं राज्य आहे," ते म्हणाले. "पण माझी रेजिमेंट काही आजारी नाही."

त्यांच्या सेवेला रेजिमेंटचे दोन जवान आळीपाळीने असत. त्यातले एक नाईक शंकर येवले. उंच, रुंद खांद्यांचे, खटाव तालुक्यातले. माझ्या नर्सिंग असिस्टंटांशी त्यांचं सतत चाले. "तुम्ही थर्मामीटर उचला," ते म्हणत, "साहेबांना आम्ही उचलतो." एकदा चादर बदलताना कर्नलसाहेबांना वर धरावं लागलं. येवले म्हणाले, "साहेब, तोफेपेक्षा हलके आहात. पण तोफ बोलत नाही." कर्नलसाहेबांना हसू आवरेना. हसलं की त्यांची कंबर दुखे, म्हणून मी येवल्यांना वॉर्डाबाहेर काढलं. ते जाताना सलाम करून गेले.

आता स्ट्रेचरबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. स्ट्रेचर चौघे उचलतात. त्यांची कवायत असते आणि चौघांपैकी एक जण नंबर वन असतो. उचला, चला, थांबा, ठेवा हे शब्द फक्त त्याचे. स्ट्रेचरवर जनरल असला तरी तो पेशंट असतो, आणि पेशंट हुकूम देत नाही. डोंगरात वरून दगड आले तर नंबर वन "ठेवा" म्हणतो. चौघे स्ट्रेचर तत्क्षणी जमिनीवर ठेवतात आणि पेशंटला झाकून आडवे होतात. हे मी माझ्या नर्सिंग असिस्टंट मुलांकडून रोज करून घेत असे. ते कंटाळत. मी कंटाळत नसे.

त्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता. नाश्त्याच्या वेळी जमिनीतून आवाज आला, जड लाकडी कपाट सरकवल्यासारखा. समोरच्या डोंगरावरची सडक तुटली होती. रेजिमेंटच्या गाड्या रजेवरून परतणारे जवान घेऊन वर येत होत्या. एक दरड त्यांच्या पुढे कोसळली. जखमी जवान पलीकडून ओढून आणले जात होते, आणि सर्जन मेजर ऑपरेशनला उभे राहिले. टेलिफोनची तार तुटली. रेजिमेंटचे दोन जवान वायरलेस सेट घेऊन वॉर्डात आले. गाड्यांसोबत एक तरुण लेफ्टनंट होता. त्याचा आवाज मी पलंगाशेजारून ऐकला.

"सर, पुढे रस्ता नाही. वर ढग आहेत, डोंगर दिसत नाही. माणसं उतरवून वरच्या बाजूला नेऊ का? ओव्हर."

"थांब. मला बघू दे. ओव्हर."

कर्नलसाहेबांनी सेट खाली ठेवला. हॉस्पिटलच्या मागे डोंगराची एक सोंड पुढे आली होती. तिथून दरीपलीकडचा तो सगळा उतार दिसत असे.

"सिस्टर, वजन काढा. मला सोंडेवर न्यायचं आहे."

"सर, तुमची हालचाल करायला परवानगी नाही."

"तिथे माझी साठेक माणसं आहेत. तो पोरगा त्यांना चुकीच्या बाजूला घेऊन जाईल."

मी वजन काढलं. ते बरोबर होतं असं मला आजही वाटतं. मी माझ्या चार नर्सिंग असिस्टंटांना हाक मारली. ते स्ट्रेचर घेऊन आले. येवले, सेवेला असलेला दुसरा जवान आणि वायरलेस घेऊन आलेले दोघे दारात आडवे आले.

"मॅडम, आमच्या साहेबांना आम्ही नेणार."

"ह्यांची कवायत झालेली आहे," मी म्हटलं. "तुमची नाही. सर, माझी माणसं नेतील."

कर्नलसाहेबांनी त्या चौघांकडे पाहिलं. सकाळपासून दरीपलीकडे त्यांचे सोबती अडकले होते आणि त्यांच्या हाताला काही काम नव्हतं.

"सिस्टर, रेजिमेंटची पोरं आहेत," ते म्हणाले. "त्यांना नाही म्हणून कसं चालेल? उचला रे."

त्या सकाळी ते तिथले सर्वांत वरिष्ठ अधिकारी होते. मी औषधांची पिशवी घेऊन सोबत चालू लागले.

चौघे उत्तम चालले. पण ते पायाला पाय मिळवून चालत होते, परेडसारखे. स्ट्रेचर नेताना तसं चालायचं नसतं, त्याने ते हेलकावतं. मी सांगितलं. त्यांनी पाऊल बदललं आणि थोड्या वेळाने पुन्हा मिळवलं. आपल्या साहेबांना घेऊन बेताल चालणं त्यांना जमेना.

सोंडेवर दगडी कठडा होता. आडव्या माणसाला त्यापलीकडचं दिसेना. येवले म्हणाले, "खांद्यावर घ्या," आणि चौघांनी स्ट्रेचर खांद्यावर घेतलं. आता कर्नलसाहेबांना सगळं दिसत होतं. ते सेट कानाला लावून बोलू लागले. गाड्यांच्या वरच्या उतारावर त्यांना चीर दिसली. झाडं तिरकी झाली होती. लेफ्टनंट माणसांना त्याच दिशेला नेत होता.

"वर नाही. ऐक, वर नाही. गाड्या सोडा. सामान सोडा."

त्याच वेळी आमच्या डोक्यावरच्या कड्यावरून खडे आले. आधी बारीक. मग मुठीएवढे.

मी ओरडले, "ठेवा! खाली ठेवा!"

चौघांनी ऐकलं. चौघांनी मान वळवून कर्नलसाहेबांकडे पाहिलं. त्यांच्या साहेबांना त्यांच्या हुकुमाशिवाय खाली टाकायचं ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसणारी नव्हती. साहेब दरीपलीकडे पाहून बोलत होते.

"मागे. जुन्या पुलाकडे. धावत. एकही माणूस गाडीत नको. ओव्हर."

चौघांचे दोन्ही हात वरच्या दांड्यांवर होते. डोकं झाकायला हात नव्हता. पुढच्या उजव्या बाजूला येवले होते. दगड त्यांना कानामागे लागला. ते गुडघ्यावर आले, पण दांडा त्यांनी खांद्यावरून सोडला नाही. स्ट्रेचर तिरकं झालं, पडलं नाही. मग बाकीच्या तिघांनी ते खाली ठेवलं.

नील, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तो पडला नाही.

मी येवल्यांचं डोकं धरून बसले असताना समोरचा उतार खाली आला. गाड्या त्याच्याबरोबर नदीत गेल्या. माणसं जुन्या पुलाशी पोहोचली होती. लेफ्टनंटने सेटवर मोजणी सांगितली. सगळे होते. तो रडत होता आणि प्रत्येक वाक्यानंतर "ओव्हर" म्हणत होता.

नाईक येवले वॉर्डात जिवंत पोहोचले नाहीत. माझ्या मुलांनी त्यांना आणलं, कवायतीप्रमाणे.

चौकशी झाली. मला जे विचारलं ते मी सांगितलं. मी ओरडले होते का? हो. कर्नलसाहेबांनी ऐकलं का? माहीत नाही. ते सेटवर होते, दरीत वारा होता. ऐकलं नसेल, असंच सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. कर्नलसाहेबांना शाबासकीचं पत्र मिळालं. त्याबद्दल त्यांच्यासमोर कोणी बोलत नसे.

त्यांची पुढची कारकीर्द इराच्या सेनापतीसारखीच झाली. कंबर पूर्ण बरी झाली नाही. त्यांनी तोफखाना सोडला. निवृत्तीनंतर एका राज्य सरकारने त्यांना दरडींच्या कामावर सल्लागार नेमलं. कोणती वस्ती हलवायची, कोणती शाळा कुठे बांधायची, हे ते ठरवत. मंत्र्यांशी भांडत. त्यांच्या शब्दावर गावंच्या गावं डोंगरउतारावरून खाली आली, आणि आजही तिथे लोक त्यांना नावं ठेवतात, कारण खाली शेतं नव्हती.

मी त्यांना पुन्हा पाहिलं ते इथे, वुडलँड्सच्या पॉलिक्लिनिकमध्ये. नंबर येण्याची वाट पाहत मी फेऱ्या मारत होते. मागून आवाज आला, "सिस्टर साळवे, चाल तीच आहे तुमची. वॉर्डभर दहशत असायची." काठी टेकून उभे होते. पत्नी गेल्यावर मुलीकडे, अनघाकडे, राहायला आले होते. मग दर मंगळवारी मी MRT ने, इथल्या मेट्रोने, त्यांच्या ब्लॉककडे जाऊ लागले. खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलांपाशी त्यांचा दरबार भरे. कोणी कुठल्या बाकावर बसायचं, चायनीज चेस संपेपर्यंत पत्तेवाल्यांनी किती वेळ थांबायचं, सगळे तंटे त्यांच्यापुढे येत. शेजारचे मिस्टर टॅन त्यांना 'गव्हर्नर' म्हणत. कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यांत जाणारे आपले तरुण इंजिनीअर संध्याकाळी परतताना त्यांना सलाम करत आणि ते सलाम दुरुस्त करत, "कोपर वर. वर!"

दोन गोष्टी मात्र ते कधी करत नसत. व्हीलचेअरला हात लावू देत नसत. विमानतळावरही चालत जात, मागची माणसं खोळंबली तरी. आणि येवल्यांचं नाव घेत नसत. मीही घेतलं नाही.

गेल्या महिन्यात सकाळी अनघाचा फोन आला.

"वासंतीमावशी, बाबा पडलेत. अँब्युलन्स आलीय आणि ते हात लावू देत नाहीयेत. लिफ्ट बंद आहे. प्लीज, तुम्ही या."

मी पोहोचले तेव्हा ते हॉलमध्ये जमिनीवर होते. डावा पाय बाहेर वळला होता आणि आखूड दिसत होता. खुब्याचं हाड मोडलं आहे हे सांगायला एक्सरे लागत नव्हता. चेहऱ्यावर घाम होता, नाडी बारीक आणि भरभर. आत रक्त जात होतं. वेळ नव्हता.

"मी जिन्याने उतरतो," ते म्हणत होते. "काठी द्या."

दारात गर्दी झाली होती. मिस्टर टॅन म्हणाले, "गव्हर्नर, डोन्ट बी सो स्टबर्न लाह!" खालच्या मजल्यावरचा पुण्याचा मुलगा बाह्या सरसावून पुढे आला. "काका, आम्ही आहोत ना. आम्ही चौघे उचलतो, अलगद नेतो. या रे!"

कर्नलसाहेब ओरडले. तसा आवाज मी सोंडेवरही ऐकला नव्हता.

"नाही! कोणी हात लावायचा नाही! अनघा, ह्यांना बाहेर काढ!"

अनघा रडायला लागली. "बाबा, ते प्रेमाने म्हणतायत."

तेव्हा मला कळलं. त्यांना स्ट्रेचरची भीती नव्हती, जीव लावणाऱ्यांनी उचलण्याची होती. मी दारातल्या सगळ्यांना मागे जायला सांगितलं. सांगितलं म्हणजे हुकूम दिला; ते गेले. मग मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

"सर, ह्या घरातलं कोणी तुम्हाला उचलणार नाही. ब्लॉकमधलंही कोणी नाही. ह्या वेळी माझी माणसं नेतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अँब्युलन्सच्या गणवेशातल्या माणसांकडे वळले.

"हू इज नंबर वन?"

एक ठेंगणी मुलगी पुढे आली, डोक्याला स्कार्फ. "मी, अंकल."

"जिन्यात काही झालं, काहीही, तर मला खाली ठेवायचं. मला विचारायचं नाही. माझ्याकडे बघायचंही नाही. समजलं?"

हे सगळं इंग्रजीत झालं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

"कॅन, अंकल," ती म्हणाली. "मी ठरवणार. तुम्ही फक्त झोपायचं."

"गुड," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

अँब्युलन्सच्या माणसांनी त्यांना नेलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकाचा पाय घसरला. मुलगी म्हणाली, "डाऊन." स्ट्रेचर लगेच जमिनीला टेकलं. कोणी कर्नलसाहेबांकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते.

अँब्युलन्समध्ये अनघा पुढे बसली, मी मागे त्यांच्यापाशी. सायरन सुरू झाल्यावर ते बोलले.

"सिस्टर, तुम्ही ओरडलात ते मला ऐकू आलं होतं."

मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली.

"एक वाक्य राहिलं होतं. जुन्या पुलाचं. तेवढं पूर्ण करू आणि मग ठेवा म्हणू, असं ठरवलं. मी ठरवलं. तो उभा राहील हे मला माहीत होतं. म्हणूनच ठरवता आलं."

"तुम्ही चौकशीत सांगितलं नाहीत."

"नाही. त्याच्या आईकडे गेलो होतो. तिला सांगायला गेलो होतो. तिने चहा केला आणि विचारलं, साहेब, तुम्हाला फार लागलं नाही ना? मग सांगता आलं नाही."

मी त्यांची नाडी मोजत राहिले. ते बरोबर होते की चूक, हे त्यांना माझ्याकडून हवं असेल. मी दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. ते वाक्य अर्धं राहिलं असतं तर जुन्या पुलाशी कोणी पोहोचलं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आणि माझ्या मांडीवरचं ते डोकंही मला आठवतं. ह्या दोन गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. मग छातीत कफ भरला आणि ते गेले. इथल्या मंडाई भागातल्या स्मशानभूमीत व्हॉइड डेकवरचे सगळे आले होते. पुण्याच्या मुलाने कोपर वर ठेवून सलाम केला. शवपेटी चाकांच्या गाडीवर होती. उचलावी लागली नाही.

इरा, तुझं प्रेझेंटेशन चांगलं आहे. त्यात काही बदल करू नकोस. फक्त पुढच्या वेळी बाबाबरोबर स्टॉकहोमला त्या चर्चमध्ये गेलीस, तर थडग्यावरचं नाव वाचून झाल्यावर तिथे कोणाला तरी विचार की त्याची डोली कोण उचलत होतं. त्यांना माहीत नसेल. पण विचार.

कर्नल चिटणीसांचं स्ट्रेचर उचलणारे कोण होते ते मला माहीत आहे. मागे डावीकडे गनर माने. मागे उजवीकडे गनर पाटोळे. पुढे डावीकडे लान्स नाईक जगदाळे. पुढे उजवीकडे नाईक शंकर येवले, तालुका खटाव. उंच होते, रुंद खांद्यांचे. साहेबांना हसवायचे.